चमकतं ते अस्सल नव्हे

कर्ज, हप्ता, शेळीपालन यातलं आज काही नाही. आज बोलायचंय ते ट्रंकेच्या तळाशी, जुन्या लुगड्याच्या घडीत पडून राहिलेल्या घड्याळाविषयी.

हा विषय घ्यायला कारण आहे. गटांच्या बैठकांत एकच प्रश्न दोन-तीनदा आला. गावोगाव जुनी घड्याळं विकत घेणारे फिरतात. बंद असलं तरी चालेल म्हणतात. मग एखादी ताई सांगते, "मामंजींचं घड्याळ आहे. पूर्वी अंधारात चमकायचं, आता चमकत नाही. घेणारा म्हणाला, रेडियम गेलंय, याला काय किंमत?" आणि दुसरीकडं बाजारात पॉलिश मारलेलं, रात्री हिरवंगार चमकणारं जुनं घड्याळ 'ओरिजनल रेडियम' म्हणून चढ्या भावानं विकलं जातं. म्हणजे आपल्याकडून घेताना एक न्याय आणि आपल्याला देताना दुसरा.

म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं घड्याळ आज अंधारात लख्ख चमकत असेल, तर त्यावरचा रंग मूळचा नाही, मागाहून लावलेला आहे. आणि ज्याचा उजेड विझलाय, ज्याचे ठिपके चहासारखे तपकिरी झालेत, तेच बहुतेक वेळा मूळचं असतं. असं का, हे समजायला थोडा इतिहास बघावा लागतो. तो इतिहास बायांच्या हातांचा आहे, म्हणून तो आपण ऐकायलाच हवा.

एकच नाव, तीन उजेड

आपल्याकडं चमकणाऱ्या कुठल्याही वस्तूला रेडियमच म्हणतात. सदाशिवनगर, अकलूजकडं उसाच्या ट्रॉल्या जातात, त्यांच्या मागं लाल-पिवळी रेडियमची पट्टी असते. मोटरसायकलवर नाव कापून चिकटवणारा तो रेडियमवाला. मुलांच्या खोलीत छताला चिकटवायच्या चांदण्या, त्याही रेडियमच्या. खरं सांगायचं तर यातल्या एकातही रेडियम नसतं.

ट्रॉलीची पट्टी स्वतः चमकत नाही. समोरून गाडीचा दिवा पडला की तोच उजेड ती माघारी धाडते. दिवा बंद, तर पट्टीही अंधारात. छताच्या चांदण्या दुसऱ्या जातीच्या. त्या दिवसा उजेड पितात आणि दिवा मालवल्यावर थोडा थोडा सोडतात. तिसरा उजेड खऱ्या रेडियमचा. त्याला ऊन लागत नाही, दिवा लागत नाही, बॅटरी लागत नाही. पेटीत बंद करून ठेवलं तरी तो रात्रंदिवस चालूच. आपल्या आज्याच्या काळातल्या घड्याळांवर हा तिसरा उजेड होता. वस्तू गेली, नाव मात्र मागं राहिलं, आणि त्या नावावरच आज व्यवहार होतात.

रेडियम आलं कुठून

रेडियमचा शोध एका बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं मिळून लावला. मारी क्युरी आणि पिएर क्युरी, वर्ष १८९८, गाव पॅरिस. मारीबाईंना दोनदा नोबेल पारितोषिक मिळालं, १९०३ आणि १९११ साली. या पदार्थातून सतत न दिसणारे किरण बाहेर पडतात. हे किरण झिंक सल्फाइड नावाच्या, म्हणजे जस्त आणि गंधकाच्या पुडीवर पडले की ती पूड चमकू लागते. त्या पुडीत अगदी कणभर रेडियम आणि चिकटा मिसळला की चमकणारा रंग तयार.

इथंच आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे. या रंगात दोघं जण काम करतात असं समजा. रेडियम हा हाकणारा आणि झिंक सल्फाइड हा बैल. उजेड देतो तो बैल. हाकणारा रात्रंदिवस थांबत नाही, त्यामुळं बैल काही दशकांत थकून बसतो. उजेड विझतो. पण हाकणारा तसाच उभा असतो.

रेडियमचा जोर निम्मा व्हायला सुमारे सोळाशे वर्षं लागतात. आपल्या नातेपुत्यात दरवर्षी ज्ञानेश्वर माऊलींची पालखी मुक्कामाला येते. माऊलींनी समाधी घेतली १२९६ साली, त्याला सव्वासातशेहून जास्त वर्षं झाली. त्या दिवशी कुणी रुपयाभर रेडियम कुपीत ठेवलं असतं, तर आज त्यातलं जवळजवळ बारा आणे तसंच उरलं असतं. तेव्हा 'रेडियम गेलंय' असं म्हणणारा घेणारा चुकीचं बोलतो. उजेड गेलाय, रेडियम जागेवर आहे. या एका गोष्टीवर घड्याळाचा अस्सलपणाही ठरतो आणि त्याचा धोकाही.

ओठानं टोक काढणाऱ्या मुली

पहिल्या महायुद्धात मनगटी घड्याळांची मागणी वाढली. खंदकात रात्री काडी पेटवून वेळ बघायची सोय नव्हती. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज गावी १९१७ साली तबकड्या रंगवायचा कारखाना सुरू झाला. त्याच कंपनीचं पुढं युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन असं नाव झालं. कामाला होत्या तरुण मुली, काही तर चौदा-पंधरा वर्षांच्या. आकडे इतके बारीक की कुंचल्याचं टोक सुईसारखं हवं. म्हणून त्यांना शिकवलं होतं, कुंचला ओठात धरून टोक काढायचं, रंगात बुडवायचं, आकडा रंगवायचा, की पुन्हा ओठात. मजुरी नगावर. एका तबकडीला सुमारे दीड सेंट, आणि हात चालणारी मुलगी दिवसाला अडीचशेच्या आसपास तबकड्या करायची. प्रत्येक तबकडीगणिक थोडं रेडियम पोटात जात होतं.

मुलींनी विचारलं होतं, हे अपायकारक तर नाही ना? त्यांना सांगितलं गेलं, काही भीती नाही. त्याच कारखान्यातले रसायनतज्ज्ञ मात्र शिशाच्या आडोशामागं, चिमट्यानं ते हाताळत होते. मुली गमतीनं नखांना, दातांना रंग लावायच्या. संध्याकाळी घरी जाताना त्यांचे कपडे आणि केस अंधारात चमकायचे.

आपलं शरीर रेडियमला कॅल्शियम समजतं. दुधातलं कॅल्शियम जसं हाडात जातं, तसं रेडियम हाडात जाऊन बसतं आणि आतून हाड पोखरतं. आधी दात पडायला लागले, मग जबडा कुजला, मग पाठीचा कणा, मांडीचं हाड. १९२२ साली मॉली मॅगिया ही मुलगी वारली. तिच्या मरणाच्या दाखल्यावर लाजिरवाण्या गुप्तरोगाचं नाव लिहिलं गेलं. पाच वर्षांनी तिचं प्रेत उकरून तपासलं, तेव्हा हाडांत रेडियम सापडलं. तिच्यावरचा कलंक खोटा निघाला.

१९२४ साली कंपनीनं स्वतःच बोलावलेल्या हार्वर्डच्या तज्ज्ञांनी काम धोकादायक असल्याचा अहवाल दिला. कंपनीनं सरकारच्या कामगार खात्याला तो बदलून दाखवला, जणू सगळं आलबेल आहे. १९२५ साली डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी रेडियम हेच कारण असल्याचं दाखवून दिलं.

ग्रेस फ्रायर नावाच्या बाईनं कोर्टात जायचं ठरवलं. तिला वकील मिळायलाच दोन वर्षं लागली. १९२७ साली दावा दाखल झाला. तिच्याबरोबर आणखी चौघी होत्या, कॅथरिन शॉब, एडना हसमन, आणि वारलेल्या मॉलीच्या दोन बहिणी, क्विंटा आणि अल्बिना. १९२८ साली सुनावणीला त्यातल्या काहींना शपथेसाठी हात वर करणंसुद्धा जमत नव्हतं. कायद्याची अडचण अशी होती की दावा दोन वर्षांच्या आत करायला हवा, आणि हा आजार तर पाच-सात वर्षांनी वर येतो. शेवटी जून १९२८ मध्ये तडजोड झाली. प्रत्येकीला दहा हजार डॉलर, वर्षाला सहाशे डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च. कंपनीनं दोष कबूल केला नाही.

इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावी दुसरी कंपनी होती, रेडियम डायल. तिथल्या कॅथरिन डोनोह्यू यांनी १९३८ साली अंथरुणावर पडल्या पडल्या साक्ष दिली. निकाल त्यांच्या बाजूनं लागला, पण त्याच वर्षी त्या वारल्या. कंपनीनं अपिलांवर अपिलं केली. १९३९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ते प्रकरण ऐकायला नकार दिला, तेव्हा कुठं निकाल कायम झाला. २०११ साली त्या गावात या मुलींचा पुतळा उभा राहिला. त्यासाठी पुढाकार घेतला होता एका शाळकरी मुलीनं.

मे कीन नावाची एक मुलगी कनेक्टिकट राज्यातल्या वॉटरबरीच्या कारखान्यात १९२४ साली लागली. तिला त्या रंगाची चव आवडली नाही, म्हणून ती कुंचला ओठात धरायला नाखूश असायची. कामात मागं पडते म्हणून थोड्याच दिवसांत तिचं ते काम सुटलं. मे कीन २०१४ साली वारली, तेव्हा तिचं वय होतं १०७.

पुढं रेडियम हाताळणाऱ्यांच्या शरीरात जास्तीत जास्त किती रेडियम चालेल, याची मर्यादा १९४१ साली ठरली, ती याच मुलींच्या तपासण्यांवरून. आज एक्स-रे विभागात काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर किरण मोजणारा बिल्ला असतो. त्या काळजीच्या मुळाशी या मुलींची हाडं आहेत.

आपल्याकडं आलेली घड्याळं

आता आपल्याकडं येऊ. इंग्रजांच्या काळात आपल्याकडची बरीच घड्याळं स्वित्झर्लंडहून यायची. १८८६ साली सुरू झालेली वेस्ट एन्ड वॉच कंपनी मुंबईत आणि कलकत्त्यात दुकानं थाटून होती. 'सोवार' हे तिचं घड्याळ फौजेतल्या लोकांत चांगलंच गाजलं. सोवार म्हणजे आपला स्वार. फाव्र-ल्यूबा हे नावही मुंबईत जुनं. माण, खटाव, माळशिरस, फलटण या पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं फौजेत गेली. त्यामुळं एखाद्या घरात तसं घड्याळ निघालं तर नवल नाही.

स्वित्झर्लंडमधल्या तबकड्या रंगवल्या कुणी? तिथंही बऱ्याच बायांनी. त्यातल्या कित्येक जणी कारखान्यात नाही, घरी बसून रंगवायच्या. मुलं खेळतायत, चुलीवर काहीतरी शिजतंय, आणि टेबलावर तबकड्यांचा ढीग. १९६०च्या दशकात हे काम बंद झालं. पण रेडियम त्या घरांच्या फरशीत, भिंतींत राहिलं. २०१५ पासून तिथल्या सरकारनं अशी जुनी घरं शोधून, मोजून, साफ करायचा कार्यक्रम हाती घेतला. काम थांबल्यावर पन्नास वर्षांनी!

घरी बसून नगावर काम हे आपल्या जिल्ह्याला नवं नाही. सोलापुरात हजारो बायांनी हजार विड्यांच्या दरावर आयुष्यं काढली. तंबाखूची धूळ घरातच, लेकराच्या पाळण्याशेजारी. त्यांच्यासाठी १९६६ साली विडी कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. तबकडी आणि विडी या फार वेगळ्या वस्तू आहेत, पण हिशोब एकच. मजुरी नगावर मोजली जाते, आणि घरात शिरलेला धोका कुणीच मोजत नाही.

टी अक्षर आणि एचएमटी

१९६०च्या दशकात घड्याळांतून रेडियम हटत गेलं आणि ट्रिटियम आलं. त्याचे किरण फार दुबळे, घड्याळाच्या काचेतूनही बाहेर येत नाहीत. त्याचा जोर सुमारे बारा वर्षांत निम्मा होतो. अशा बऱ्याच स्विस घड्याळांच्या तबकडीवर अगदी खाली, सहाच्या आकड्याजवळ, 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी अक्षर बारीक छापलेलं असतं. ते टी म्हणजे ट्रिटियम. पुढं १९९३ साली जपानच्या नेमोटो कंपनीनं किरण नसलेला, नुसता उजेड पिऊन तासन्‌तास चमकणारा नवा रंग काढला. आज दुकानात मिळणाऱ्या नव्या घड्याळांवर त्याच जातीचा रंग असतो. १९९३ हे साल लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आपल्या देशात १९६१ साली बंगळूरमध्ये हिंदुस्थान मशीन टूल्सनं, म्हणजे एचएमटीनं, जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं घड्याळांचा कारखाना काढला. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. जनता, पायलट, जवान, सोना, कोहिनूर, कांचन ही नावं आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. योगायोग बघा, हुंडाबंदीचा कायदाही १९६१चाच, १ जुलैपासून लागू झालेला. कायदा आला तरी सायकल, घड्याळ आणि रेडिओ ही जावयाची मागणी पुढची पंचवीस-तीस वर्षं चालूच राहिली. म्हणजे ट्रंकेतलं घड्याळ 'मामंजींचं' किंवा 'ह्यांचं' असलं, तरी पुष्कळदा त्याचे पैसे एखाद्या बाईच्या बापानं जोंधळा विकून भरलेले असतात. ते विकायचं की ठेवायचं, हे ठरवताना तिचा शब्द पहिला असावा, असं आम्हांला वाटतं.

२०१६ साली केंद्र सरकारनं एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. त्याच्या आगेमागे शौकिनांची मागणी वाढली. मागणी वाढली की नक्कल आलीच. जुन्या यंत्रावर नव्यानं छापलेली, भडक रंगाची तबकडी बसवायची आणि जुनं म्हणून विकायचं, हा धंदा इतका चालला की परदेशी शौकिनांनी अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असं नावच ठेवलंय. तबकडी रंगवून घेणं हा गुन्हा नाही. आपणही जुनी पेटी रंगवतो. पण रंगवलेली वस्तू मूळची म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

ओळखायचं कसं

घड्याळ न उघडता, घरच्या घरी एवढं करता येतं.

पहिलं, रात्रीची परीक्षा. घड्याळ संध्याकाळपासून बंद डब्यात ठेवा. पहाटे कोठीच्या अंधाऱ्या खोलीत दहा-पंधरा मिनिटं बसा, म्हणजे डोळे अंधाराला सरावतील, आणि मग डबा उघडा. मूळचं रेडियमचं घड्याळ असेल तर उजेड दिसणार नाही, किंवा अगदी धुरकट, असल्या-नसल्यासारखा दिसेल. रात्रभर डब्यात राहूनही स्पष्ट हिरवं दिसत असेल, तर रंग मागाहून लावलेला आहे असं धरून चाला.

दुसरं, उजेडाची परीक्षा. तबकडीवर मिनिटभर बॅटरीचा झोत धरा आणि दिवा मालवा. जुना रंग थोडा चमकला तरी काही क्षणांत, फार तर काही मिनिटांत मावळतो. जो तास-दोन तास टिकतो तो १९९३ नंतरचा रंग. विकणारा म्हणत असेल 'घड्याळ १९५५चं, सगळं ओरिजनल', आणि उजेड मात्र तासभर टिकत असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. दुकानात किंवा बँकेत नोटा तपासायचा निळा दिवा असतो, त्यानंही हेच कळतं. दिवा काढला की जुना रंग लगेच विझतो, नवा चमकत राहतो.

तिसरं, रंगाची छटा. मूळचा रंग वयानुसार पिवळट, मग चहासारखा, मग तपकिरी होतो. काटे आणि आकडे एकाच काळातले असतील तर त्यांच्या छटा एकमेकींशी जुळत्या असतात. थोडा फरक चालेल. पण आकडे तपकिरी आणि काटे पांढरेशुभ्र, तर काटे बदललेत किंवा पुन्हा रंगवलेत. काही जण नव्या रंगात मुद्दाम तपकिरी छटा मिसळतात. म्हणून नुसत्या छटेवर निकाल देऊ नका, पहिल्या दोन परीक्षा जोडीला घ्या.

चौथं, कड आणि अक्षरं. घड्याळ दुरुस्तीवाल्याकडचं डोळ्याला लावायचं भिंग मागून घ्या. मूळच्या कामात रंग आपल्या रेघेच्या आत असतो, जुनेपणानं त्याला बारीक तडे गेलेले असतात. मागाहून लावलेला रंग पुष्कळदा रेघेबाहेर सांडलेला, कुठं जाड तर कुठं पातळ असतो. कंपनीचं नाव वाचा. कारखान्याची छपाई बारीक आणि सरळ असते. अक्षर फुगलेलं, वाकडं, किंवा शब्दच चुकीचा लिहिलेला असेल तर अख्खी तबकडीच नवी आहे.

पाचवं, काट्याची सावली. हे आम्हांला सगळ्यात मोलाचं वाटतं. घड्याळ बंद पडून वर्षानुवर्षं तसंच राहिलं, तर काट्यावरच्या रेडियमनं खालची तबकडी करपते आणि काट्याच्या आकाराचा तपकिरी डाग उमटतो. असा डाग दिसला की समजा, इथं खरं रेडियम होतं किंवा आहे. डाग जुना आणि काट्यावरचा रंग मात्र नवा, असं असेल तर काटा पुन्हा रंगवलाय.

सहावं, टी अक्षर. तबकडीवर टी असेल तर ते रेडियमचं नव्हे, ट्रिटियमच्या काळातलं घड्याळ. विकणारा त्याला १९४० सालचं म्हणत असेल तर मान्य करू नका. आणि टी असूनही लख्ख चमकत असेल तर तोही रंग नवा, कारण ट्रिटियमचा जोर केव्हाच ओसरलाय.

एका खुणेवर निकाल देऊ नये. तीन-चार खुणा एकाच दिशेनं बोलल्या, की खात्री धरावी.

जपायचं कसं, विकायचं कसं

आता काळजीचं. जुनं रेडियमचं घड्याळ काचेसकट, झाकणासकट बंद असेल तर घाबरायचं कारण नाही. धोका आहे तो रंगाची पूड नाकातोंडातून पोटात जाण्याचा. म्हणून झाकण घरी उघडायचं नाही. तपकिरी ठिपके नखानं, पिनेनं खरवडायचे नाहीत. फुंकर मारून साफ करायचं नाही. लेकरांना खेळायला द्यायचं नाही, उशाखाली ठेवायचं नाही. काच फुटलेली असेल तर घड्याळ जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी घट्ट बांधून, डब्यात ठेवायचं, आणि हात साबणानं धुवायचे. दुरुस्तीला दिलं तर दुरुस्तीवाल्याला आधी सांगायचं, "भाऊ, यावर रेडियम असेल, जपून." तोही कुणाचा तरी मुलगा आहे आणि त्याचं दुकान चार फुटांचं असतं.

भंगारात टाकायचं तर नाहीच. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एक जुनं यंत्र आलं. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ होता. ते फोडलं गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला, बाकीचे आजारी पडले. घड्याळातलं रेडियम त्यापुढं कणभरसुद्धा नाही, दोन्हींची बरोबरी करायची नाही. पण 'आत काय आहे हे कुणी सांगितलंच नाही' ही चूक दोन्हीकडं सारखी आहे. किरणोत्सर्गी वस्तूंवर देखरेख ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झालं, त्याचं कार्यालय मुंबईत आहे.

विकायचं असेल तर घाई करू नका. घेणारा दारात उभा आहे म्हणून लगेच द्यायचं नाही. तबकडीचा, पाठीमागच्या झाकणाचा स्वच्छ उजेडात फोटो काढा. गटातल्या कुणाच्या मुलाला सांगून तसंच घड्याळ काय भावानं जातं ते बघा. दोन ठिकाणी विचारा. 'चमकत नाही म्हणून किंमत नाही' असं कुणी म्हणालं तर त्याला शांतपणे सांगा, चमकत नाही म्हणूनच ते मूळचं आहे. आणि विकायच्या आधी कुणाकडूनही तबकडी रंगवून घेऊ नका, पॉलिश मारू नका. त्यानं किंमत वाढत नाही, जाणकार माणसापुढं ती कमीच होते.

विकत घेणार असाल तर तीन प्रश्न विचारा. साल कुठलं? तबकडी मूळची की रंगवलेली? रंगवलेली असेल तर पावतीवर तसं लिहून देता का? तिसऱ्या प्रश्नाला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घ्यायचं नाही.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत हा विषय आपण पुन्हा घेणार आहोत. ज्यांच्या घरी असं घड्याळ असेल त्यांनी घड्याळ घरीच ठेवावं, फक्त त्याचा फोटो आणि माहिती आणावी. कुणाचं होतं, कुठून आलं, कुठल्या साली, कुणी पैसे भरले. घरातल्या म्हाताऱ्या आत्याला, सासूबाईंना आजच विचारून वहीत लिहून ठेवा. तबकडीवरचा रंग कधीचा ते आपण भिंगानं बघू शकतो. बाकीचं त्यांनाच ठाऊक असतं.